पन्नासची केबल की दोनशेची? दुकानाचं नाव कशावर चालतं ते समजून घेऊया



गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या गावी छोट्या दुकानदारांचं प्रशिक्षण होतं. चहाच्या सुट्टीत मोबाइल ॲक्सेसरीचं दुकान असलेले एक दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, केबल तर रोज खपतात. पण गल्ला भरल्यासारखा वाटतो आणि महिनाअखेर हातात काही उरत नाही. वर अर्धा दिवस भांडणात जातो." मी विचारलं, कसलं भांडण? तर म्हणाले, "आठ दिवसांत बंद पडली, बदलून द्या. दुसरं काय!"

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या दुकानासमोरच्या गल्लीत डबे करून देणाऱ्या एक ताई राहतात. सगळ्या ऑर्डरी फोनवर, पैसेही फोनवरच. दादांकडूनच घेतलेल्या केबलवर ताईंनी रात्री फोन लावला आणि सकाळी बघतात तर बॅटरी बारा टक्के. दहाच्या सुमारास फोन बंद. त्या दिवशी चार डब्यांचे निरोप त्यांना मिळालेच नाहीत. ताई भांडायला आल्या नाहीत. दादांना हे सगळं शेजाऱ्यांकडून कळलं. पण त्या दिवसापासून ताई रिचार्जलाही दुसऱ्या दुकानात जातात.

मित्रांनो, भांडणारं गिऱ्हाईक परत आलेलं असतं. न बोलता गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ. तुम्ही ॲक्सेसरी विकत असाल तरी, आणि फोनवर धंदा करत असाल तरी.

केबलच्या आत नेमकं काय असतं?

साध्या यूएसबी केबलमध्ये चार वायर असतात. दोन वीज नेण्यासाठी, दोन डेटासाठी. स्वस्त केबल स्वस्त का, याचं बरंचसं उत्तर या वीज नेणाऱ्या दोन वायरींत आहे. तिथे तांबं कमी वापरलं की पैसे वाचतात.

वायरची जाडी गेजमध्ये मोजतात. आकडा जितका लहान, तितकी वायर जाड. आता एक साधा हिशोब बघा. एक मीटर केबलमध्ये २८ गेजची बारीक वायर असेल आणि २ अँपिअर करंट जात असेल, तर जाता-येता मिळून साधारण ०.८५ व्होल्ट वाटेतच जातात. म्हणजे चार्जरमधून ५ व्होल्ट निघाले तरी फोनपर्यंत सव्वाचारही धड पोहोचत नाहीत. फोन मग कमी करंट घेतो आणि चार्जिंग रेंगाळतं. तीच वायर २४ गेजची असेल तर नुकसान फक्त ०.३४ व्होल्टच्या आसपास. चार्जर तोच, फोन तोच, फरक केबलचा.

त्यातही काही केबलमध्ये शुद्ध तांबं नसतंच. आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ थर. ॲल्युमिनियम वीज कमी वाहून नेतं आणि सारखं वाकवलं की लवकर तुटतं. आणि केबल तुटते कुठे? मध्ये नाही, मानेवर. पिन आणि वायर जिथे जोडलेली असते तिथे. चांगल्या केबलला तिथे लांब, लवचीक रबराची बाही असते. स्वस्त केबलला तिथे फक्त कडक प्लास्टिक असतं.

प्रश्न फक्त उशिरा चार्ज होण्याचा नाही. गूगलमधले एक अभियंता बेन्सन लिउंग यांनी २०१५ मध्ये ऑनलाइन मिळणाऱ्या टाइप-सी केबल स्वतः विकत घेऊन तपासायला सुरुवात केली. २०१६ मध्ये अशीच एक केबल तपासताना त्यांचा लॅपटॉप निकामी झाला. आत वायरी उलट्या जोडलेल्या होत्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते हेच.

आता गल्ल्याचा हिशोब मांडूया

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत. तुमच्या दुकानाचे आकडे घालून तुम्ही स्वतः करून बघा.

स्वस्त केबल: खरेदी २५, विक्री ६०. नफा ३५. दहा विकल्या, ३५० रुपये. त्यातल्या तीन परत आल्या आणि तुम्ही बदलून दिल्या, तर ७५ गेले. उरले २७५. शिवाय तीन वेळा वाद, आणि त्या वेळी काउंटरवर उभी असलेली बाकीची गिऱ्हाइकं ऐकत होती ते वेगळंच.

चांगली केबल: खरेदी ११०, विक्री २००. नफा ९०. समजा दहापैकी पाचच जणांनी घेतली. तरी ४५० रुपये. एखादी परत आली तर वॉरंटीत डीलर बदलून देतो.

गिऱ्हाइकाच्या बाजूनेही बघा. साठची केबल वर्षात चार वेळा घ्यावी लागली तर २४० झाले. दोनशेची एकच वर्षभर टिकली तर चाळीस वाचले, आणि तीन फेऱ्याही वाचल्या.

पण एक गोष्ट खरी आहे, ती लपवायची नाही. चांगल्या मालात भांडवल जास्त अडकतं. दहा स्वस्त केबलला २५० लागतात, दहा चांगल्यांना ११००. म्हणून एकदम सगळा माल बदलू नका. सर्वात जास्त खपणाऱ्या एकाच प्रकारच्या वीस नगांपासून सुरुवात करा. डीलरला आधीच विचारा, "बदलून किती दिवसांत देणार? बिल लागेल का?" तोंडी "हो हो, देतो की" यावर जाऊ नका.

चांगला माल ओळखायचा कसा?

महाग म्हणजे टिकाऊ, असं मुळीच नाही. वरून सुंदर कापडी वेणी आणि आत केसासारखी वायर, अशाही केबल मिळतात. म्हणून हे तपासा:

१. मान बघा. पिनजवळ हलकेच वाकवा. गोलाईने वाकली तर ठीक, एका जागी घडी पडली तर नको.

२. पिन लावून बघा. टाइप-सी पिन घट्ट बसली पाहिजे, डुगडुगता कामा नये.

३. वॅटचा दावा तपासा. प्रमाणित टाइप-सी ते टाइप-सी केबलमध्ये ३ अँपिअरच्या वर करंट न्यायचा तर केबलमध्ये ओळख सांगणारी छोटी चिप लागते. पन्नास रुपयांच्या केबलवर मोठ्या अक्षरात "१०० वॅट" लिहिलं असेल तर तो फक्त छापखान्याचा खर्च समजा.

४. खोका वाचा. बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, ग्राहक सेवेचा नंबर हे पाहिजेच. ज्या मालावर कुणी स्वतःचं नाव लिहीत नाही, त्याची जबाबदारी शेवटी तुमच्या नावावर येते.

५. चार्जर आणि पॉवर बँकवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक बघा. या दोन्ही वस्तूंना आपल्याकडे ही नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक 'आर' या इंग्रजी अक्षराने सुरू होतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. नोंदणी नसलेला चार्जर विकणं हा कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे इथे स्वस्त-महागचा प्रश्नच उरत नाही.

पॉवर बँकबद्दल अजून एक. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलचा असतो, ३.७ व्होल्टवरचा. फोनला ५ व्होल्टने देताना तोच हिशोब ७,४०० होतो, आणि रूपांतरात थोडं उष्णतेत जातं. खोक्यावर 'रेटेड कपॅसिटी' म्हणून खरा आकडा दिलेला असतो, तो गिऱ्हाइकाला आधीच दाखवा. आणि २०,००० लिहिलेली पॉवर बँक हातात पिसासारखी हलकी लागली, तर ती ठेवूच नका. लिथियमच्या सेलशी खेळ नको.

मग स्वस्त माल ठेवायचाच नाही का?

ठेवायचा की! एक सोपा नियम लक्षात ठेवा: ज्यातून वीज जाते, तिथे काटकसर नको. जे फक्त झाकतं किंवा सजवतं, तिथे चालेल.

पारदर्शक रबरी कव्हर उन्हाने आणि वापराने पिवळं पडणारच. लोकांना दर काही महिन्यांनी नवी डिझाइन हवी असते, तिथे साठ-सत्तरचं कव्हर चालतं. टेम्पर्ड ग्लासचं कामच स्वतः फुटून स्क्रीन वाचवण्याचं आहे. फक्त "९एच आहे, कशानेच ओरखडा पडत नाही" असं सांगू नका. ९एच ही पेन्सिलच्या कडकपणाची चाचणी आहे. खिशातली वाळू त्यावर ओरखडा पाडू शकते. खरं सांगून विकलं की गिऱ्हाईक भांडत नाही.

गिऱ्हाइकाला पटवायचं कसं?

"ही चांगली आहे हो" म्हणून कुणी दोनशे देत नाही. दाखवावं लागतं. यूएसबी टेस्टर नावाचं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. व्होल्ट आणि अँपिअर त्यावर दिसतात. तोच चार्जर, गिऱ्हाइकाचाच फोन, आधी एक केबल, मग दुसरी. आकडे त्याला स्वतः वाचू द्या. फक्त फोनची बॅटरी अर्ध्याच्या खाली असताना हे करा. बॅटरी भरत आली की फोन स्वतःच करंट कमी घेतो आणि फरक दिसत नाही.

आणि विचारा, "फोन कशासाठी वापरता?" रिक्षावाले दादा, डबेवाल्या ताई, भाजीचा गाडा लावणारे काका, यांच्यासाठी फोन म्हणजे गल्ला आहे. त्यांना पन्नासची केबल देणं म्हणजे त्यांच्या गल्ल्याला मोडकं कुलूप लावून देणं.

तुमचा गृहपाठ

त्या दादांना मी एकच काम दिलं होतं. काउंटरवर दोनशे पानी वही ठेवायची. काय विकलं, काय परत आलं, कुठल्या डीलरचं होतं, एवढंच लिहायचं. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. अकरा केबल परत आल्या होत्या, त्यातल्या नऊ एकाच डीलरच्या. "सर, हा माणूस मला सगळ्यात स्वस्त देतो म्हणून मी खूश होतो," म्हणाले.

आता तो माल त्यांनी बंद केलाय. आणि एक चांगली केबल घेऊन ते त्या डबेवाल्या ताईंकडे स्वतः जाऊन आले. पैसे घेतले नाहीत. ताई परत येतील की नाही, ते अजून माहीत नाही. पण जाऊन आले, हे मला फार आवडलं.

तुम्हीही उद्यापासून वही सुरू करा. एक महिना प्रामाणिकपणे लिहा. कुठला माल ठेवायचा, ते तुमची वहीच सांगेल.

भेटूया पुढच्या भागात. धंदा करा, पण नाव राखून करा!