बुद्धिबळाच्या पटावरील वीस अंकी संख्या

बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या सिस्सा नांवाच्या पंडिताची गोष्ट बहुतेकांच्या कानांवरून गेलेली असते. तेराव्या शतकांतील अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान यानें ती नमूद केली आहे. पटाच्या पहिल्या घरांत गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, अशी दुप्पट करीत चौसष्ट घरें भरून द्यावीं, एवढेंच बक्षीस त्यानें राजाजवळ मागितलें. सर्व दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ होते; म्हणजे दोनाचा चौसष्टावा घात, उणा एक. राजाच्या फजितीपाशीं गोष्ट संपते. परंतु या संख्येचें खरें कौतुक तिच्या अवयवांत आहे.

वीस अंकी संख्येचे अवयव पाडणें दुर्घट वाटेल. येथें वर्गांच्या वजाबाकीचें शाळेंतील सूत्र मदतीस येतें. १६ उणे १ म्हणजे (४ उणे १) गुणिलें (४ अधिक १), अर्थात् ३ × ५. त्याच न्यायानें २५६ उणे १ म्हणजे ३ × ५ × १७. ही पायरी पुढें चढवीत गेल्यास आपल्या संख्येचे सहा अवयव हातीं येतात : ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. मागील सर्वांच्या गुणाकारांत २ मिळविले कीं पुढचा तयार होतो, अशी त्यांची सुबक रचना आहे.

पहिले पांचही मूळ संख्या आहेत. मग सहावा? फ्रान्समधील थोर गणिती फर्मा याची १६४० सालीं अशी समजूत होती कीं, या मालिकेंतील प्रत्येक संख्या मूळच असली पाहिजे. सिद्धता मात्र त्याच्यापाशीं नव्हती. १७३२ सालीं ऑयलरनें दाखवून दिलें कीं, सहावी संख्या ६४१ × ६७,००,४१७ आहे. तिचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटींत १ मिळवूनच येतो, हें त्यानें पुढें सिद्ध केलें. अशा मूळ संख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. म्हणजे पांचव्याच भागाकारास बाकी शून्य! वाचकांनीं कागद-पेन्सिल घेऊन पडताळा अवश्य पाहावा.

एवढ्यानें पहिल्या पांचांचें महत्त्व उणें झालें नाहीं. गाउसनें १७९६ सालीं सतरा बाजूंची सुसम आकृति केवळ पट्टी व कंपास यांनीं काढतां येते हें सिद्ध केलें, तें १७ च्या याच गुणामुळें. पांचांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५; या रीतीनें काढतां येणाऱ्या ज्ञात विषमभुज सुसम आकृतींत सर्वाधिक बाजू इतक्याच. कारण या मालिकेंत पुढें एकही मूळ संख्या आजवर सांपडलेली नाहीं.

पांच उदाहरणें खरीं ठरलीं म्हणून नियम खरा ठरत नाहीं. फर्मासारख्याचा शब्दही सिद्धतेची जागा घेऊं शकत नाहीं, हें एका साध्या भागाकारानें दाखविलें.