लघवीचा हिशेब

पोटात गाठ आहे म्हणून पोराला आणलेलं असतं आणि डॉक्टर, सिस्टर सगळे एकच विचारत राहतात: लघवी किती झाली? आईला हे अजब वाटतं. मोजायचं भांडं तिच्याच हाती दिलेलं असतं.

छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ साली सुरू झालं, घाटी रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं. जालना, बीड, परभणीकडची मुलं इथे येतात. त्यांतल्या काही आजारांत, बर्किट लिम्फोमात किंवा पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या रक्ताच्या कर्करोगात, औषध लागू पडणं हाच धोका ठरू शकतो. पेशी एकदम फुटतात. त्यांतलं पोटॅशियम, फॉस्फरस आणि युरिक ॲसिड रक्तात उतरतं. युरिक ॲसिडचे स्फटिक मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत अडकले की लघवी आटते. मग पोटॅशियम चढतं आणि हृदयाचा ठेका चुकतो.

म्हणून आधी सलाईन, तेही पोटॅशियम नसलेलं. सहा वर्षांच्या पोराला दिवसाकाठी सव्वादोन लिटरच्या आसपास. गावाकडून भेटायला आलेला मामा शहाळं आणि जालन्याची मोसंबी घेऊन येतो. एरवी आजाऱ्याला याहून चांगलं काय द्यावं? इथे मात्र त्यांतल्या पोटॅशियममुळे दोन्ही परत पिशवीत जातं.

ॲलोप्युरिनॉल नवं युरिक ॲसिड बनू देत नाही. आधीच साठलेलं मोडायला रासब्युरिकेज लागतं. हे औषध महाग, आणि त्याचा एक खोडसाळ गुण आहे. रक्त काढल्यावर नळीतही त्याचं काम चालूच राहतं, रिपोर्ट खोटा चांगला येतो. म्हणून नमुना बर्फात ठेवून, वेळ न घालवता प्रयोगशाळेत न्यावा लागतो.

एवढं करूनही लघवी आटली तर डायलिसिस. पण केमो कायमचं थांबवता येत नाही, कारण बर्किटची गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. मग सुरुवात हलक्या हाताने होते: स्टेरॉइड, थोडं सायक्लोफॉस्फामाइड आणि व्हिन्क्रिस्टिन. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं हे व्हिन्क्रिस्टिन मुख्यतः यकृतावाटे बाहेर पडतं, म्हणून मूत्रपिंड रुसलेलं असतानाही देता येतं. मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस मात्र लघवीवाटेच बाहेर पडतो, तो थांबतो.

सकाळी राउंडला डॉक्टर पोटावर हात ठेवून गाठ चाचपतात, पण त्याआधी वही मागतात. रात्रीचे आकडे आईच्या अक्षरात असतात.