ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी स्थापन झाले. संस्थापकांमध्ये अग्रणी होते विनायक लक्ष्मण भावे. वय अवघे एकवीस. जिल्ह्यात वाचनालये आधीही होती. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे. तेथे सभासदांना वाचायला पुस्तके मिळावीत, एवढा हेतू असे. ठाण्याच्या संस्थेने मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक जमवण्याचा संकल्प केला. मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८मध्ये निघाले.

१८६७च्या कायद्यामुळे छापील पुस्तकाची प्रत सरकारजमा होत असे, नोंदही होई. पण दप्तरी नोंद राहणे वेगळे आणि पुस्तक वाचकाच्या हाती राहणे वेगळे. आवृत्त्या लहान असत, शिळाछाप पोथ्यांचे कागद पिवळे पडून तुकडे होत, आणि घरातले माणूस गेले की त्याची पुस्तके रद्दीत जात. चांगले तेवढेच ठेवायचे म्हटले, तर चांगले कोणते हे त्या त्या पिढीची आवड ठरवते. म्हणून निवड न करता जमवण्याचा निर्णय दूरदृष्टीचा होता. आज फालतू वाटणारे चोपडे उद्याच्या अभ्यासकाला त्या काळाची भाषा सांगते.

ठाण्याला छापील मराठीची सवय होती. ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र येथून १८६६पासून निघत होते. रेल्वे तर १८५३मध्येच आली होती, त्यामुळे मुंबईचे छापखाने आणि पुस्तकविक्रेते हाकेच्या अंतरावर आले.

भावे विज्ञानाचे पदवीधर. मिठागरांचा व्यवसाय सांभाळून त्यांनी आयुष्यभर जुन्या बाडांचा पाठपुरावा केला. १९०३मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र कवी’ हे मासिक काढले आणि हस्तलिखितांतच अडकलेले प्राचीन काव्य छापून लोकांपुढे आणले. त्यांचा ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयेतिहासाचा पायाभूत ग्रंथ. पुढच्या आवृत्तीला शं. गो. तुळपुळे यांनी पुरवणी जोडली, कारण नवे संशोधन सतत पुढे येत होते. आधी साधने गोळा करायची, मगच इतिहास लिहायचा, हा क्रम या एका माणसाच्या कामात स्वच्छ दिसतो. भावे १९२६मध्ये वारले.

पुढे ठाण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनेही भरली: १९६०मध्ये रा. श्री. जोग, १९८८मध्ये वसंत कानेटकर आणि २०१०मध्ये उत्तम कांबळे अध्यक्ष होते.

ग्रंथ जमवण्याची ही परंपरा ठाणे शहरापुरती राहिली नाही. कुळगाव-बदलापूर परिसरात श्याम जोशी यांनी ‘ग्रंथसखा’ हे वाचनालय उभारले. चित्रकलेचे शिक्षक असलेल्या जोशींनी दुर्मीळ मराठी ग्रंथ आणि जुनी नियतकालिके मिळवून अभ्यासकांना खुली केली. नियतकालिकांचे मोल येथे विशेष आहे: कित्येक लेखकांचे पहिले लेखन पुस्तकात कधीच आले नाही, ते मासिकाच्या त्या अंकातच सापडते.