सांडपाण्याला पऱ्हाटीच्या कोळशाची गाळणी



सकाळी गावात फेरी मारली म्हणजे न्हाणीचे पाणी रस्त्यावर वाहताना दिसते. त्यात डास वाढतात आणि शेजाऱ्यांची भांडणेही. तेच पाणी गाळून परसातल्या केळीला, अळूला देता येते. गाळणीचा माल आपल्या धुऱ्यावरच पडलेला असतो : पऱ्हाट्या आणि तुराट्या.

लाकूड कमी हवेत जळले की ओलावा व वायू निघून जातात आणि आत असंख्य बारीक छिद्रे उरतात. पाण्यातला रंग, वास व साबणाचा काही अंश या छिद्रांच्या भिंतींना चिकटतो. यालाच अधिशोषण म्हणतात. साखर शुद्ध करताना कोळशाने रंग काढण्याची रीत जुनीच आहे. कारखान्यात वाफेवर तापवून केलेल्या चांगल्या कोळशाच्या चार ग्रॅमचा पृष्ठभाग जवळजवळ एकरभर भरतो! आपला खड्ड्यातला कोळसा इतका दमदार नसतो. म्हणून तो जास्त घ्यावा व लवकर बदलावा.

कृती : कुटाराच्या ढिगापासून लांब खड्डा करून वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवाव्या. निखारे झाले की पत्रा झाकून ओली माती लिंपावी. पूर्ण थंडावल्यावरच उघडावे. राख धुऊन काढावी. ती राहिली तर पाण्यात क्षार वाढतो. कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे करावे. जुन्या पिंपाला तळाशी तोटी बसवून गिट्टी, वाळू, वीतभर कोळसा व वर पुन्हा वाळू असे थर द्यावे.

आमची पहिली गाळणी आठ दिवसांत तुंबली. भांड्यांचे तेलकट पाणी आम्ही सरळ तिच्यात सोडले होते. आता पाणी आधी टाकीत निवळू देतो, वरची तेलाची साय काढतो आणि मगच गाळतो.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. विरघळलेले मीठ हा कोळसा धरत नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-मूर्तिजापूरकडे, गाळलेले पाणी स्वच्छ दिसले तरी खारेच राहते. रोज एकाच वाफ्यात सोडाल तर काळी जमीन चोपण होईल. तिथे जागा बदलत पाणी द्यावे, निचरा ठेवावा. हे पाणी कोणी पिऊ नये, कच्च्या खायच्या भाजीला देऊ नये. संडासाचे पाणी यात मिसळू नये. वास परत आला की कोळसा बदलावा, जुना उकिरड्यात टाकावा.

संत गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मले. हाती खराटा घेऊन त्यांनी परक्यांची गावे झाडली. आपल्या दारचा ओघळ तरी आपण थांबवू या.

— ऊस विकास अधिकारी