सावलीला विचारा!

मुलांना घरीच शिकवायचे ठरवलेल्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो. भाषा जमेल, गणित जमेल, पण विज्ञानाचे काय? घरात प्रयोगशाळा कुठून आणायची?

मला मात्र दुसरीच अडचण मोठी वाटते. घरी शिकणाऱ्या मुलाची आईच बाई आणि आईच परीक्षक. तिचे म्हणणे तपासायला ना वर्गमित्र, ना दुसरे सर. म्हणून खरे-खोटे माणसाला न विचारता वस्तूला विचारण्याची सवय अशा मुलाला लागायला हवी. प्रयोग हवेत ते त्यासाठी.

मी भूगोल शिकवतो. तेव्हा सुरुवात सावलीपासून करू. बेळगावात गच्चीवर सपाट जागी ३० सेंटिमीटरची काठी मातीच्या कुंडीत नव्हे, तर फळीवर सरळ उभी करा. दोऱ्याला खडा बांधून ओळंबा करा आणि ती सरळ आहे का ते पाहा. सावली सर्वांत आखूड केव्हा होईल, हे आधी मुलाने वहीत लिहायचे, मग आईने. दोघेही बहुधा बारा लिहितील. साडेअकरापासून दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. सूर्याकडे थेट पाहू मात्र नका.

उत्तर येईल साडेबाराच्या आसपास! आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचे, तर बेळगाव ७४.५ अंशांच्या जवळ. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे सुमारे ३२ मिनिटांचा फरक. ऋतूप्रमाणे त्यात काही मिनिटे इकडेतिकडे होतात. आईचे उत्तर चुकले हे मुलाला सावलीने सांगितले, यातच सगळे आले.

हीच काठी वर्षभर जपा. २१-२२ डिसेंबरला भरदुपारची सावली सुमारे २४-२५ सेंटिमीटर भरेल. मेच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस ती पायाशीच नाहीशी होईल. त्यानंतर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ती दक्षिणेकडे पडेल. ऑगस्टातला दुसरा शून्य सावलीचा दिवस मात्र आपल्याकडचे ढग बहुधा दिसू देत नाहीत.

पावसाळ्यात स्वयंपाकघरात या. हळदीच्या पाण्यात कागद भिजवून वाळवा. त्यावर साबणाचे पाणी टाकले की तांबडा डाग, लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. मग सोडा, चिंच, ताक, राख यांचे काय होईल? आधी अंदाज, मग थेंब. हळद आणि चुन्यापासून कुंकू कसे होते, हे आजीला विचारा.

आपल्या घरांची खरी श्रीमंती इथे आहे. वहीत एका बाजूला सावली, दुसऱ्या बाजूला नेरळु. इकडे हळद, तिकडे अरिशिण. मराठी आजीला मराठीत आणि कन्नड अज्जीला कन्नडमध्ये समजावून सांगता आले, तर मुलाला ते समजले असे खुशाल समजा. पाठ केलेली व्याख्या दुसऱ्या भाषेत नेताना अडखळते, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सहसा अडखळत नाही.

तारीख, वेळ, अंदाज आणि प्रत्यक्ष माप असे चार रकाने पुरेत. चुकलेला अंदाज खोडू मात्र देऊ नका. आईचाही नाही!