मोजणीत आहेत, मतदानात नाहीत

अमेरिकी लोकशाहीचा हिशेब : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण सिनेट पाहिलं. पावणेसहा लाख वस्तीचं वायोमिंग आणि जवळपास चार कोटींचं कॅलिफोर्निया, दोघांच्या पदरात सारखेच दोन सिनेटर. तिथे माणसं मोजायचा प्रश्नच येत नाही, कारण हिशेब राज्यांचा असतो. प्रतिनिधिगृहाचं तसं नाही. त्याच्या ४३५ जागा दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेवरून राज्यांना वाटल्या जातात आणि मग प्रत्येक राज्य आपापले मतदारसंघ आखतं. डोकी मोजा, जागा वाटा. निदान इथे तरी समानता सोपी असायला हवी. पण डोकी मोजायची ती कोणाकोणाची? घटना लिहिली गेली तेव्हापासून हा वाद चालू आहे, आणि व्हिसावर शिकायला आलेली मीसुद्धा आपोआप त्यात ओढली गेले आहे. मला इथे मत नाही, पण इथल्या मोजणीच्या नियमात मी बसते.

नियम साधा आहे. जनगणना माणसाचं नागरिकत्व बघत नाही, त्याचा राहता पत्ता बघते. २०२० च्या अर्जात नाव, वय, लिंग, वंश, घर मालकीचं की भाड्याचं, असे मोजके प्रश्न होते. वंशाच्या प्रश्नाखाली ‘एशियन इंडियन’ असा स्वतंत्र चौकोनही होता. ‘तुम्ही नागरिक आहात का’ हे मात्र विचारलेलं नव्हतं. त्यामुळे परदेशी विद्यार्थी, नोकरीच्या व्हिसावरचा इंजिनिअर, कागदपत्रांविना राहणारा शेतमजूर, महिन्याचं बाळ, तुरुंगातला कैदी, सगळे जिथे राहतात तिथे प्रत्येकी एक म्हणून धरले जातात.

या एकेका माणसाचं मोल किती, ते मी शिकते त्या न्यूयॉर्क राज्याने अनुभवलं आहे. एप्रिल २०२१ मध्ये नवं जागावाटप जाहीर झालं, तेव्हा न्यूयॉर्कच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा २७ वरून २६ वर आल्या. दोन कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या राज्याला ती जागा टिकवायला फक्त ८९ माणसं कमी पडली. इतर राज्यांचे आकडे तेच राहून न्यूयॉर्कमध्ये आणखी ८९ जण सापडले असते, तर एक खासदार वाचला असता. ८९ म्हणजे एखाद्या वसतिगृहाचे दोन मजले. त्यांच्यात एकही मतदार नसता तरी चाललं असतं.

मत नसलेल्याच्या डोक्यावर दुसऱ्याने जागा मिळवायची, ही पद्धत मात्र परदेशी विद्यार्थ्यांपासून सुरू झालेली नाही. तिचं मूळ १७८७ च्या फिलाडेल्फियात आहे. घटना लिहायला जमलेल्या प्रतिनिधींपुढे पेच होता तो गुलामांचा. दक्षिणेकडच्या राज्यांचं म्हणणं, जागा ठरवताना गुलाम पूर्ण धरा. उत्तरेकडचे म्हणाले, ज्यांना तुम्ही मालमत्ता समजता त्यांच्या नावावर जागा कशाला मागता? शेवटी तडजोड झाली ती तीन पंचमांशावर. पाच गुलाम म्हणजे मोजणीत तीन माणसं.

या तडजोडीबद्दल आपण सहसा चुकीच्या टोकाने संतापतो. गुलामाला पूर्ण माणूस मानलं नाही, हा अपमान तर खराच. पण जागावाटपात त्याला पूर्ण धरलं असतं तर त्याचं अधिकच वाटोळं झालं असतं, कारण त्याच्या नावावर वाढणारी प्रत्येक जागा त्याच्या मालकाच्या खिशात जाणार होती. त्याच्या हिताचा आकडा एकच होता, शून्य. १७९० च्या पहिल्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या साधारण साडेसात लाख भरली, त्यातले जवळपास तीन लाख गुलाम. अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातली राज्याची मतंही प्रतिनिधिगृहातल्या जागांवरून ठरत असल्यामुळे हा फायदा थेट अध्यक्षपदापर्यंत पोचला. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन यांना ७३ आणि जॉन ॲडम्स यांना ६५ मतं पडली. गुलामांच्या मोजणीतून आलेली मतं वजा केली तर निकाल उलटा लागला असता, असं अनेक इतिहासकार मानतात.

यादवी युद्धानंतर गुलामी संपली, १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने तीन पंचमांशाचा हिशेबही संपवला आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंशावरून मताधिकार नाकारायला बंदी केली. पण १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना करून मतदानासाठी कर आणि घटनेचा अर्थ सांगण्याची परीक्षा लावली. बाकीची दक्षिणी राज्यंही त्याच वाटेने गेली. कृष्णवर्णीय माणूस आता मोजणीत पूर्ण एक झाला आणि मतदानात जवळपास शून्य. म्हणजे ज्यांनी त्याला गुलाम केलं होतं, त्याच राज्यांना त्याच्या नावावर पूर्वीपेक्षा जास्त जागा मिळू लागल्या! जे राज्य मताधिकार नाकारेल त्याच्या जागा त्या प्रमाणात कापाव्यात, असं कलम चौदाव्या दुरुस्तीत आहे. ते आजवर एकदाही वापरलं गेलेलं नाही. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याआधी मिसिसिपीतल्या मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम ६.७ टक्के लोकांची मतदार म्हणून नोंद होती. दोनच वर्षांत तो आकडा ६० टक्क्यांच्या आसपास गेला. फरक पडला तो केंद्र सरकारने नोंदणीच्या टेबलावर आपली माणसं बसवली म्हणून.

एकदा डोकी मोजून झाली की दुसरा प्रश्न येतो तो रेषांचा. अलाबामा राज्याने आपल्या विधिमंडळाचे मतदारसंघ १९०१ मध्ये आखले आणि मग साठ वर्षं त्यांना हातच लावला नाही. दरम्यान लोक शहरांकडे गेले होते. १९६० मध्ये बर्मिंगहॅम शहर ज्या जेफरसन कौंटीत आहे तिची वस्ती सहा लाख पस्तीस हजारांच्या घरात होती आणि तिला राज्याच्या सिनेटमध्ये एक जागा होती. पंधरा हजार वस्तीच्या लाउन्ड्स कौंटीलाही एकच. म्हणजे लाउन्ड्समधल्या माणसाचं वजन बर्मिंगहॅमच्या माणसाच्या चाळीसपट. पण लाउन्ड्समधल्या कोणत्या माणसाचं? तिथले पाचांतले चार जण कृष्णवर्णीय होते आणि १९६५ उजाडलं तेव्हा त्यांच्यापैकी एकाचंही नाव मतदार यादीत नव्हतं. चाळीसपट वजनाची ती सगळी मतं मूठभर गोऱ्या जमीनदारांच्या आणि त्यांच्या गोतावळ्याच्या हातात होती.

अशा आखणीत पडायला सर्वोच्च न्यायालय बराच काळ तयार नव्हतं. हे राजकारण आहे, त्यात आम्ही हात घालणार नाही, अशी त्याची भूमिका होती. १९६२ मध्ये टेनेसीच्या खटल्यात न्यायालयाने पहिल्यांदा दार उघडलं, आणि १५ जून १९६४ रोजी अलाबामाच्या खटल्यात सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकाल दिला की, प्रतिनिधी लोकांचे असतात, जमिनीचे नव्हेत. म्हणून राज्यातले मतदारसंघ लोकसंख्येने सारखे हवेत. ‘एक व्यक्ती, एक मत’ हे सूत्र रुजलं ते या निकालांमुळे. मराठी वाचकाला ते नवं नाही. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावलं होतं की, राजकारणात एक माणूस, एक मत आणि एक मूल्य हे तत्त्व आपण मान्य करतो आहोत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारतच राहणार आहोत. ज्या देशात ते शिकले, तिथल्या अलाबामात तेव्हा राजकारणातही ना एक मत होतं ना एक मूल्य.

तरीही ‘सारखी लोकसंख्या’ म्हणजे कोणाची लोकसंख्या, हे १९६४ ने सांगितलं नव्हतं. तो प्रश्न टेक्ससच्या दोन मतदारांनी न्यायालयात नेला. त्यांच्या राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ एकूण लोकसंख्येने साधारण सारखे होते. पण फक्त पात्र मतदार मोजले तर काहींमध्ये चाळीस टक्क्यांहून जास्त तफावत पडत होती. जिथे मुलं आणि परदेशी लोक जास्त, तिथे मतदार कमी, आणि म्हणून तिथल्या प्रत्येक मताला वजन जास्त. ४ एप्रिल २०१६ रोजी आठही न्यायमूर्तींनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की, प्रतिनिधी सगळ्या रहिवाशांचा असतो. शाळेत जाणाऱ्या मुलाला मत नसतं, पण शाळा कशी चालते याच्याशी त्याचा संबंध असतोच. फक्त मतदार मोजून मतदारसंघ आखता येतील का, हा प्रश्न मात्र न्यायालयाने उघडाच ठेवला.

आमच्या वर्गात या खटल्यावर चर्चा झाली, तेव्हा टेक्ससहून आलेला एक वर्गमित्र चिडून म्हणाला, “माझ्या मताची किंमत तुझ्यामुळे का कमी व्हावी?” प्रश्न रास्त आहे. रागावून उडवून लावण्यासारखा नाही. त्याला मी दिलेलं उत्तर असं की, मी इथे घरभाडं देते, खरेदीवर विक्रीकर भरते, इथल्याच बसने फिरते, पाणी इथल्याच नळाचं पिते. माझ्या भागाला किती बस आणि किती पाणी लागतं हे ठरवताना मला वगळलं, तर तोटा माझ्या शेजारच्या मतदारालाही होईल. त्याला ते पूर्ण पटलं नाही. पण आयोवा राज्यातल्या अ‍ॅनामोसा गावाचं उदाहरण पुढे आलं, तेव्हा आम्हा दोघांचं एकमत झालं.

अ‍ॅनामोसात राज्याचा मोठा तुरुंग आहे. गावाचे चार प्रभाग लोकसंख्येने सारखे आखले होते, प्रत्येकी साधारण १,४०० माणसं. पण दुसऱ्या प्रभागातले १,३०० हून अधिक जण कैदी होते. बाहेर राहणारे साठसुद्धा नव्हते. आयोवात कैद्यांना मत नाही. २००५ च्या निवडणुकीत त्या प्रभागातून कोणी अर्जच भरला नाही. मतपत्रिकेवर नाव लिहून मत देण्याची सोय असल्यामुळे एका गृहस्थांच्या नावावर दोन मतं पडली, एक त्यांच्या बायकोचं आणि दुसरं शेजाऱ्याचं, आणि ते निवडून आले. कैदी तुमचे मतदारसंघवासी आहेत का, असं पुढे एका पत्रकाराने विचारलं, तेव्हा ते मत देत नाहीत, त्यामुळे तसे नाहीत, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. गावाने नंतर प्रभागच रद्द केले.

या उत्तरात मला हवी असलेली कसोटी सापडते. मोजणीत असलेल्या प्रत्येकाला मत असायलाच हवं असं नाही. मुलांना मत नाही आणि त्यात कोणाला अन्याय दिसत नाही. प्रश्न असा विचारायला हवा की, ज्याच्या डोक्यावर जागा मिळाली, त्याला तो प्रतिनिधी आपला समजतो का? न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एखादं मराठी कुटुंब घ्या. आईवडील नोकरीच्या व्हिसावर. ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं लांबते. मुलगी मात्र तिथेच जन्मलेली, म्हणून जन्मानेच नागरिक, अठराव्या वर्षी मतदार. तिघंही जनगणनेत सारखे. कागदपत्रं अडकली की आईवडील स्थानिक खासदाराच्या कार्यालयाला पत्र लिहू शकतात आणि तिथले कर्मचारी पाठपुरावा करतात, कारण त्यांच्या लेखी हे रहिवासी आहेत. शिवाय त्या घरातून उद्या एक मत येणार आहे. शेकडो मैलांवरच्या तुरुंगात ठेवलेल्या कैद्याच्या बाबतीत यातलं काहीच होत नाही. त्याचं घर ब्रुकलिनमध्ये, बायकामुलं तिथे, पण त्याच्या नावाची जागा दूरच्या ग्रामीण मतदारसंघाला. न्यूयॉर्कने २०१० मध्ये कायदा करून राज्य विधिमंडळाच्या आखणीसाठी कैद्याला त्याच्या मूळ पत्त्यावर धरायला सुरुवात केली. मेरीलँडनेही त्याच वर्षी तसाच कायदा केला. देशाची जनगणना मात्र अजून त्याला तुरुंगातच मोजते.

मोजणी आणि रेषा, दोन्हींवरचे निकाल योगायोगाने २७ जून २०१९ या एकाच दिवशी लागले. जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न घालण्यासाठी ट्रम्प सरकारने दिलेलं कारण बनावट असल्याचा ठपका ठेवून सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न अडवला. दुसऱ्या निकालात पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की, सत्ताधारी पक्षाने आपल्या सोयीने मतदारसंघ आखले तरी संघराज्याच्या न्यायालयांनी त्यात पडायचं नाही. मोजणीचं दार न्यायालयाने राखलं आणि रेषांचं सोडून दिलं. त्याचा परिणाम २०२५ मध्ये दिसला. दशक अर्धंच झालेलं असताना टेक्ससने रिपब्लिकन पक्षाच्या फायद्याची नवी आखणी केली आणि तिला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या सोयीची आखणी मंजूर केली. लोकसंख्या दोन्हीकडे काटेकोर सारखी, एकाही माणसाचा फरक निघू नये अशी. ‘एक व्यक्ती, एक मत’ या सूत्राने दिलेली समानता अक्षरशः पाळून तिच्यातला न्याय काढून घेता येतो, हे यावरून कळतं. म्हणून माझ्या मते माणसं सगळी मोजावीत, कैद्याला त्याच्या घरी मोजावं, आणि रेषा आखायचं काम त्या रेषांवर निवडून येणाऱ्यांच्या हातात ठेवू नये. पहिल्या दोन गोष्टी कायद्याने होतील. तिसरी होण्यासाठी आमदारांना स्वतःच्या हातातलं सर्वांत धारदार हत्यार खाली ठेवावं लागेल, आणि ते आपणहून कोणी ठेवत नाही.

पुढच्या लेखांकात : मतदार यादीत नाव घालणारे आणि काढणारे कौंटीतले अधिकारी, आणि २०१३ च्या निकालाने मतदान हक्क कायद्याचा गाभा कसा निकामी झाला.