रुतलेली मालमोटार कशी काढावी?

दिवाळी झाली, की आपल्याकडे उसाच्या गाड्या सुरू होतात. तिसगाव हे नगर-पाथर्डी रस्त्यावरचे गाव. जवळच आदिनाथनगरला वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. शिवाय पाथर्डी तालुक्यातली कितीतरी कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला बाहेरगावी जातात. तेव्हा उसाची मालमोटार, म्हणजे ट्रक, रुतते कशी हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण ती काढावी कशी, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. कारण त्यात माणसे जायबंदी होतात, कधी जीवही जातो.

आम्ही पाहिलेली एक गोष्ट सांगतो. परतीचा पाऊस पडून गेला होता. वरून रान सुकलेले दिसत होते, आत ओल होती. भरलेली गाडी फडातून निघाली आणि बांधाजवळ बसली. ड्रायव्हरने जोर दिला. चाक जागच्या जागी फिरले आणि आणखी खाली गेले. मग ट्रॅक्टर आला, तारेचा दोर बांधला. बघायला गर्दी जमली. पोरे तर दोराला खेटून उभी होती. एक म्हातारा मुकादम ओरडला, “पोरांनो, मागं सरा! लांब व्हा!” पोरे कुरकुरत मागे सरली. ट्रॅक्टरने हिसका दिला. दोर ताडकन तुटला आणि शेजारच्या बाभळीवर आदळला. बाभळीची साल सोलून निघाली. पोरे तिथेच उभी असती तर? त्या रात्री कुणाला जेवण गोड लागले नाही.

आता यात चुकले कुठे ते पाहू.

पहिली चूक चाक फिरवण्याची. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि लोण्यासारखी होते. तिच्यात चाक फिरले, की ते स्वतःचाच खड्डा खोदते. गाडीचा जोरही बहुधा त्याच चाकाला जातो, जे मोकळे फिरते. घट्ट जमिनीवरचे चाक उभेच राहते. म्हणून चाक एकदा जागेवर फिरले, की पाय उचला. गाडी बंद करा. खाली उतरून चारही बाजूंनी बघा.

दुसरी चूक भरल्या गाडीला ओढण्याची. हिशेब सोपा आहे. गाडीत पंधरा टन ऊस. रिकामी गाडी सात-आठ टन. म्हणजे बावीस-तेवीस टन ओझे. चाके पुरती रुतली, तर गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते, असा ढोबळ अंदाज आहे. आपला नेहमीचा ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा. त्याची ओढ फार तर त्याच्या वजनाइतकी, ओल्या रानात त्याहूनही कमी. तो बिचारा काय ओढणार? म्हणून आधी ऊस उतरवा. दिवसभर कोयता चालवलेल्या माणसांना हे जिवावर येते, हे आम्हाला ठाऊक आहे. पुन्हा मोळ्या वाहायच्या! ही मेहनत फुकटची धरू नये. मालकाने तिची मजुरी द्यावी. पण मोळ्या परत भरता येतात, मोडलेला पाय परत तसा होत नाही.

ऊस उतरला, की फावडे घ्या. चाकापुढची माती उकरून उतार करा. आसाखाली माती टेकली असेल तर तीही काढा. मग चाकाखाली पाचट घाला, त्यावर मुरूम किंवा बारीक दगड दाबून बसवा. पाचट तर फडात भरपूर असते. गाडी आली त्याच वाटेने मागे घेता आली तर उत्तम. ती वाट चाकांनी दाबलेली असते. जॅक लावायचा तर खाली रुंद फळी ठेवा, नाहीतर जॅकच मातीत जाईल. जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरू नये. चाक फिरताना त्याच्या मागे उभे राहू नये; दगड उडतो.

बहुतेक गाड्या एवढ्यानेच निघतात. नाही निघाली, तरच टोचन लावा.

टोचनाचा दोर चांगला जाड घ्या. तारा तुटलेला, गाठ मारलेला दोर नको. तो बंपरला बांधू नका. बंपर उपटून गोळ्यासारखा येतो. चेसिसच्या हुकालाच बांधा. ट्रॅक्टरकडे दोर खालच्या ड्रॉबारलाच लावा. वर लावला तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात आणि एक-दोन सेकंदांत तो ड्रायव्हरच्या अंगावर उलटा होतो. हिसका देऊ नका. दोर हळूहळू ताणा, मग सरळ रेषेत ओढा. ताणलेला दोर म्हणजे ताणलेली बेचकी. त्यात जोर साठलेला असतो. म्हणून दोराच्या मधोमध ओले, जड गोणपाट टाका. दोर तुटला तर त्याची झेप थोडी कमी होते. दोर जितका लांब, त्याच्या दीडपट तरी माणसे दूर ठेवा. दोर ओलांडू नका. खूण एकाच माणसाने करावी. दहा जण ओरडले, तर ड्रायव्हरने कुणाचे ऐकावे?

कर्णाच्या रथाचे चाक रुतले, तेव्हा बाण अंगावर येत असताना त्याला चाक उचलावे लागले. आपल्यावर तशी वेळ नाही. कारखाना तासाभराने पळून जात नाही. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, हे आपले वाडवडील सांगून गेलेच आहेत.

लक्षात ठेवा :

१. चाक फिरले, की गाडी थांबवा.
२. आधी ओझे उतरवा, मग माती उकरा.
३. चाकाखाली पाचट आणि मुरूम घाला.
४. दोर खाली बांधा, हळू ओढा.
५. पोरांना लांब ठेवा.

हा धडा आपण वाचलात. आता तुमच्या टोळीत ज्यांना वाचता येत नाही, त्यांना तो वाचून दाखवा. गाडी रुतेल तेव्हा ते तुमच्या शेजारीच उभे असतील.